पिवळ्या दाण्याच्या वाटेला जाऊ का?

*मॅडम, सप्रेम नमस्कार.*

*मी भंडारा जिल्ह्यातल्या एका धान पिकवणाऱ्या गावची. कृषी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. झाले, आता पीएच.डी.चं ठरवायचं आहे. दोन ठिकाणांहून होकार येण्यासारखा आहे. एका प्रयोगशाळेत तांदळाच्या दाण्यात बीटा-कॅरोटीन तयार व्हावं म्हणून जनुकीय अभियांत्रिकीचं काम चालतं, त्यांच्याकडे केळीचाही प्रकल्प आहे. दुसरीकडे नेहमीच्या पैदास पद्धतीनं जस्त आणि लोह जास्त असलेल्या धानाच्या जाती काढतात. माझा जीव पहिल्या कामात आहे. लहानपणी आमच्या शेजारच्या मुलीला दिवेलागणीनंतर दिसायचं नाही, भिंतीला हात लावत ती घरात जायची. ते कशामुळे होतं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.*

*पण माझे सीनियर म्हणतात, 'गोल्डन राइसचा पेपर २००० साली आला, अजून कुणाच्या ताटात नाही. तूही चार पेपर छापशील आणि विषय संपेल.' बाबा तर स्पष्टच बोलले, 'जीन बदललेलं धान माझ्या बांधीत लावणार नाही, नातवाला त्याचा भात चारणार नाही. आणि माझीच पोरगी ते बनवणार?' तेव्हापासून घरात या विषयावर बोलणं बंद आहे. मी काय निवडू? आणि बाबांना काय सांगू?*

*— लाखांदूर तालुक्यातली एक वाचक*

माझी सगळी नोकरी भात पैदास विभागात गेली, त्यामुळे मी तुला दुसऱ्या जागेकडे ढकलेन असं तुला वाटत असेल. तसं नाही. पहिलं काम घे. मात्र घेताना एक गोष्ट पक्की समजून घे: गोल्डन राइस, म्हणजे शरीर ज्यातून जीवनसत्त्व अ बनवतं त्या बीटा-कॅरोटीनचा पिवळा तांदूळ, जनुकापाशी अडला नाही, जनुकानंतरच्या कामांपाशी अडला. ती कामं तुझ्या प्रबंधाच्या आराखड्यात असतील तरच तिथे जा. का म्हणते ते जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्या सीनियरचं अर्धं वाक्य खरं आहे आणि तुझ्या बाबांचं त्याहून जास्त.

आधी तुझ्या शेजारच्या मुलीबद्दल. रातांधळेपणा ही जीवनसत्त्व अ च्या अभावाची पहिली उघड खूण. पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ, पांढुरके बिटॉटचे डाग येतात, बुबुळ कोरडं पडतं, मऊ होतं आणि नजर कायमची जाते. या अभावानं दरवर्षी अडीच ते पाच लाख मुलं आंधळी होतात आणि त्यातली निम्मी वर्षभरात मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा बराच काळ वापरात असलेला अंदाज आहे. मरणाचा हा भाग डोळ्यांच्या एका डॉक्टरमुळे जगाला नीट कळला. आल्फ्रेड सॉमर इंडोनेशियात डोळ्यांचा अभ्यास करायला गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की रातांधळी मुलं गोवर-जुलाबातून उठतच नाहीत. आचे प्रांतातल्या शेकडो गावांत वर्षातून दोनदा जीवनसत्त्व अ ची कॅप्सूल देऊन त्यांनी तपासलं. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला की कॅप्सूल मिळालेल्या गावांत लहान मुलांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी झाले. आपल्याकडे हे औषध १९७० पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. नवव्या महिन्यात एक लाख युनिट, मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख. आशाताई चमच्यानं पाजतात तो डोस तोच. तरीही २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या सुमारे १८ टक्के मुलांत हा अभाव सापडला. तुझा जीव ज्या प्रश्नात गुंतला आहे तो जुना झालेला नाही.

तांदूळच का? ही कल्पना प्रयोगशाळेतून आलेली नाही, आणि माझ्यासारख्या पैदासकाराला याचा अभिमान वाटतो. १९८४ साली फिलिपिन्समधल्या लॉस बान्योस इथे, आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, रॉकफेलर फाउंडेशनची माणसं पैदासकारांसोबत बसली होती. कोणतंही जनुक भातात घालता आलं तर तुम्हाला कोणतं हवं, असा प्रश्न निघाला. कुणी रोगप्रतिकार म्हणालं, कुणी दुष्काळ. पीटर जेनिंग्ज म्हणाले, पिवळा दाणा. ज्या संकरातून आयआर-८ हा हरितक्रांतीतला गाजलेला भाताचा वाण निघाला तो करणारा हा माणूस. दूध तुटलेल्या मुलाला गरीब घरात पेज मिळते आणि पेजेत जीवनसत्त्व अ अजिबात नसतं, हे त्यांनी आशियात फिरताना पाहिलं होतं. जगभरच्या भाताच्या जाती धुंडाळूनही त्यांना पिवळ्या गराचा तांदूळ मिळाला नव्हता.

हे शेवटचं वाक्य तुझ्या निर्णयाच्या मुळाशी आहे. जस्त कमी-जास्त असलेले भाताचे वाण निसर्गात आहेत, म्हणून पैदाशीनं छत्तीसगड झिंक राइस किंवा डीआरआर धान ४५ काढता आले. लोह कमी-जास्त असलेली बाजरी होती, म्हणून इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेला राहुरीच्या कृषी विद्यापीठासोबत 'धनशक्ती' देता आली. परभणीच्या विद्यापीठातून 'परभणी शक्ती' ज्वारी आली ती तशीच. मक्यात तर बीटा-कॅरोटीन वाढवणारं जनुकाचं रूप मक्याच्याच एका वाणात मिळालं आणि २०१७ मध्ये 'पुसा विवेक क्यूपीएम ९ सुधारित' हा संकरित मका आला. आफ्रिकेत नारिंगी रताळ्यानं लाखो घरांत जीवनसत्त्व अ पोचवलं, त्या कामाला २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्या रताळ्यात एकही जनुक बाहेरून घातलेलं नव्हतं. जिथे पिकाच्या गोतावळ्यात तो गुण आहे तिथे पैदासच करावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती स्वस्त आहे, तिला न्यायालयात जावं लागत नाही आणि शेतकरी तिला ओळखतो. भाताच्या गरात मात्र तो गुण कुठेच नाही. तिथे पैदासकाराचे हात टेकतात आणि तुझ्या विषयाचं काम सुरू होतं.

तुला जीवशास्त्र शिकवायला नको, पण बाबांना समजावायचं असेल तर असं सांग. भाताच्या हिरव्या पानात बीटा-कॅरोटीन भरपूर असतं, म्हणजे ते बनवायची सगळी विद्या रोपाकडे आहे. दाण्याच्या पांढऱ्या गरात कच्चा मालही असतो. पाटाला पाणी आहे, पण गराकडे जाणारं पहिलंच दार बंद आहे. ते दार म्हणजे फायटोइन सिंथेज हे विकर. झुरिकचे इंगो पोट्रायकस आणि फ्रायबुर्गचे पीटर बायर यांनी डॅफोडिल फुलातून हे एक जनुक घेतलं, जमिनीतल्या एका जिवाणूकडून पुढच्या पायऱ्या एकट्यानं पार पाडणारं दुसरं घेतलं, आणि जानेवारी २००० मध्ये 'सायन्स'मध्ये पिवळ्या गराचा तांदूळ जाहीर केला. दाण्यात ग्रॅममागे १.६ मायक्रोग्रॅम कॅरोटिनॉइड, म्हणजे बीटा-कॅरोटीनच्या जातीची पिवळी द्रव्यं, होती. तेवढ्यावर मुलाची गरज भागवायला त्याला आवाक्याबाहेरचा भात खावा लागला असता, हा ग्रीनपीसचा तेव्हाचा आक्षेप हिशेबाला धरून होता. २००५ मध्ये सिंजेंटा या बियाणे कंपनीच्या संशोधकांनी डॅफोडिलऐवजी मक्याचं जनुक वापरलं आणि आकडा ३७ मायक्रोग्रॅमपर्यंत गेला. २००९ मध्ये पाच प्रौढांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की या भातातलं साधारण ३.८ भाग बीटा-कॅरोटीन शरीरात एक भाग जीवनसत्त्व होतं. भाजीपाल्याच्या मिश्र आहारासाठी हेच प्रमाण १२ ला एक धरतात. पालेभाजी खा की, असं सांगणाऱ्यांना हा आकडा दाखव. दीड वर्षाचं मूल वाटीभर शेवग्याचा पाला खात नाही, वाटीभर मऊ भात खातं.

पेटंटांचा बागुलबुवा तेव्हा खूप गाजला. सत्तरच्या आसपास पेटंटं या तांदळाला चिकटली होती, पण वर्षाला दहा हजार डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्या शेतकऱ्याला हे तंत्र फुकट आणि बी घरचं ठेवायची मुभा, अशी सोय मालक कंपन्यांकडून काही महिन्यांतच करून घेतली गेली. त्यावर वेळ घालवू नकोस.

आता जे मन लावून वाचायला हवं ते सांगते. जनुक रोपात घुसतं ते स्वतःला हवं तिथे. एका जागी घुसलेल्या ओळीला आपण इव्हेंट म्हणतो. भारतात गोल्डन राइसचा जो इव्हेंट वापरला, जीआर२-आर१, तो आपल्या संशोधकांनी मार्कर, म्हणजे जनुक ओळखायच्या खुणा, वापरून पुन्हा पुन्हा संकर करत 'स्वर्णा'त आणला. स्वर्णा, म्हणजे पूर्व भारतात लाखो एकरांवर असलेला वाण. दाणा पिवळा झाला. पण रोपं खुजी राहिली, पानं फिकट पडली, लोंब्या लहान, उतारा, म्हणजे एकरी उत्पन्न, खाली. शोध घेतला तेव्हा कळलं की घातलेला तुकडा भाताच्या स्वतःच्या एका जनुकाच्या मध्येच जाऊन बसला होता. ऑक्सिन हे संप्रेरक इकडून तिकडे नेणारं जनुक, ओएसऑक्स१. ते मोडलं आणि रोपाची घडीच बिघडली. २०१७ मध्ये आपल्या संशोधकांनी हे सगळं मोकळेपणानं छापलं, आणि त्या शोधनिबंधाबद्दल मला फार आदर आहे. फिलिपिन्समध्येही आधी निवडलेल्या इव्हेंटचं उत्पादन शेतात कमी भरलं म्हणून तो सोडावा लागला आणि जीआर२-ई वर नव्यानं सुरुवात झाली. यात वर्षंच्या वर्षं गेली. गोल्डन राइस म्हटलं की आंदोलकांनी अडवला असं एका दमात सांगितलं जातं. आंदोलनांनी अडवला हे खरंच. ऑगस्ट २०१३ मध्ये बिकोल भागातल्या चाचणीचं शेत जमावानं उपटून टाकलं. पण त्याआधी आणि त्यानंतर बराच काळ तो पैदाशीच्या कामात अडकला होता. जीव वाचवणारं जनुक असलं तरी उतारा पडला तर शेतकरी तो वाण दुसऱ्या हंगामात लावत नाही. तुझे बाबाही लावणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

दुसरी गोष्ट हुनानची. २००८ मध्ये चीनच्या हुनान प्रांतात शाळकरी मुलांना गोल्डन राइस खाऊ घालून रक्त तपासलं. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले, उत्तम होते. हा भात तेलातल्या शुद्ध बीटा-कॅरोटीनइतकाच उपयोगी पडतो असं त्यात होतं. मग बाहेर आलं की तांदूळ जनुक बदललेला आहे हे पालकांना धड सांगितलंच नव्हतं. चीनमधल्या जबाबदार अधिकाऱ्यांना पदावरून काढलं, अमेरिकेतल्या विद्यापीठानं मुख्य संशोधिकेवर निर्बंध घातले, आणि २०१५ मध्ये नियतकालिकानं शोधनिबंध मागे घेतला. मोजमापात खोट आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. आईबापांना विचारलं नव्हतं. मुलांवरचा इतका महत्त्वाचा पुरावा त्या एका लपवाछपवीमुळे वापरता येईनासा झाला, आणि 'हे लोक आमच्या पोरांवर प्रयोग करतात' ही भीती खरी ठरवून दिली गेली. मला याचा आजही राग येतो. ज्या मुलांसाठी हे सगळं चाललं होतं त्यांच्या पालकांना एक वाक्य सांगणं कुणाला का जड जावं?

तुझ्या सीनियरचं वाक्य इथे थोडं दुरुस्त करते. हा तांदूळ ताटात पोचलाच नाही, असं नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, कॅनडा आणि अमेरिकेनं २०१७-१८ मध्ये तो खायला सुरक्षित मानला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याचबरोबर हेही म्हटलं की अमेरिकन माणूस इतका कमी भात खातो की पाकिटावर जीवनसत्त्वाचा दावा छापता येणार नाही. हा दावा खोडलेला नाही, ज्याचं पोट भातावरच आहे त्याच्यासाठीच हा दाणा आहे एवढंच त्यातून निघतं. जुलै २०२१ मध्ये फिलिपिन्सनं लागवडीला परवानगी दिली आणि २०२२ मध्ये 'मालुसोग' या नावानं सुमारे ७० टन पीक निघालं. गरोदर बायका आणि लहान मुलं असलेल्या घरांना ते द्यायचं ठरलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं परवाना रद्द केला. शेतकऱ्यांच्या 'मासिपाग' या संघटनेसह काहींनी दाद मागितली होती. बांगलादेशात ब्री धान २९ या तिथल्या वाणात आणलेला गोल्डन राइस परवानगीसाठी २०१७ मध्ये गेला आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिला. मला न्यायालयाचा तो निर्णय पटत नाही. या दाण्यातून धोका झाल्याचा पुरावा नाही, आणि परवाना थांबला की किंमत मोजणारी मुलं न्यायालयात दिसत नाहीत. पण त्या शेतकऱ्यांना मूर्ख किंवा खुनी म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही मी बसणार नाही. बी आपल्या हातातून जाईल ही त्यांची भीती आपल्या शेतकऱ्यालाही ओळखीची आहे.

म्हणून आता बाबांकडे येते. त्यांचा नकार अज्ञानातून आला असं धरून चालू नकोस. विदर्भातल्या शेतकऱ्यानं २००२ पासून बीटी कापूस पाहिलाय. सुरुवातीला बोंडअळीची फवारणी कमी झाली, उत्पन्न वाढलं, हे त्यानं पाहिलं. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, हे पाहिलं. मग गुलाबी बोंडअळीनं बीटीला दाद देणं सोडलं आणि २०१७ च्या हंगामात बोंडं फोडली की आत अळी निघायची, हेही पाहिलं. ज्यांची शेती धानाची आहे त्यांच्या घरातही कापूस पट्ट्यातला सोयरा असतोच. वांग्याचंही त्यांना आठवत असेल. जालन्याच्या महिकोचं बीटी वांगं केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१० मध्ये थांबवलं, त्याआधीच्या जनसुनावण्यांपैकी एक नागपुरात झाली होती. एवढं पाहिलेल्या माणसाला 'शास्त्रज्ञ म्हणतात सुरक्षित आहे' हे वाक्य पुरत नाही.

त्यांच्याशी वाद जिंकायला जाऊ नकोस. त्यांना एकेक वेगळं करून सांग. बीटीत घातलेलं जनुक अळी मारायला होतं, अळीनं त्याला तोड काढली. पिवळ्या दाण्यातलं जनुक कुणाला मारत नाही, त्यामुळे त्याला दाद न देणारी कीड तयार व्हायचा प्रश्नच येत नाही. बीटी कापूस संकरित होता, गोल्डन राइस सरळ वाणात आहे. घरचं बी धरा, पुढच्या वर्षी त्याचंच पऱ्हं टाका. बीटा-कॅरोटीन गाजरात आहे, पपईत आहे, लाल भोपळ्यात आहे. शरीर त्यातून गरजेपुरतंच जीवनसत्त्व बनवतं, फार झालं तर तळहात पिवळसर होतात. औषधातलं तयार जीवनसत्त्व अ जास्त झालं तर बाधतं, म्हणून डोस मोजून देतात. हा फरकही सांग. आणि जे खरं आहे ते न लपवता सांग: साठवणुकीत हे बीटा-कॅरोटीन हवेनं उडत जातं, अंगी लागायला जेवणात थोडं तेल-तूप लागतं, आणि ज्या घरात अंगणात पपई-शेवगा आहे आणि नातू रोज वरण-भाजी खातो त्या घराला या तांदळाची गरज नाही. त्यांच्या नातवाला कदाचित नसेलच. ज्या मुलीबद्दल तू लिहिलंस तिला होती. ती त्यांनाही आठवत असणार, तिचं नाव घेऊन बोल.

एक प्रश्न मात्र तूच त्यांना विचार आणि उत्तर वहीत लिहून घे: 'बाबा, समजा उतारा स्वर्णाइतकाच असेल, बी घरचं ठेवता येईल, तर पिवळा तांदूळ बाजारात कुणी घेईल का?' मला शंका आहे ती इथे. आपल्याकडे पिवळा पडलेला तांदूळ म्हणजे गोदामात गरम होऊन बिघडलेला तांदूळ. व्यापारी मूठ भरून बघतो आणि भाव पाडतो. रेशनच्या तांदळात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे शंभराला एक या प्रमाणात मिसळायला लागल्यावर काय झालं ते तुझ्या गावातही पाहिलं असशील. त्यात जनुक बदलाचा काडीचाही संबंध नाही. तांदळाचंच पीठ दळून, त्यात पोषकं मिसळून पुन्हा दाण्याच्या आकारात काढलेलं ते असतं. तरी प्लास्टिकचा तांदूळ म्हणून बायकांनी ते दाणे वेचून फेकले. कारण ते पोत्यात येण्याआधी कुणी चार बायकांना बसवून सांगितलं नव्हतं. रंगावरून आफ्रिकेतही हेच झालं. दक्षिण आफ्रिकेच्या आसपासच्या देशांत पिवळा मका म्हणजे जनावरांचा किंवा मदतीत आलेला, अशी ओळख होती. झांबियात जीवनसत्त्वाचा मका आणला तेव्हा तो पिवळ्यापासून वेगळा, गडद नारिंगी म्हणून लोकांपुढे ठेवला.

मग तांदूळ की केळी? माझं मत केळीकडे झुकतं, निदान पीएच.डी.पुरतं. केळीत पैदास करणं महाकठीण, कारण खायच्या केळीला बीच नसतं. म्हणजे इथेही पैदासकाराचे हात बांधलेले आहेत आणि तुझ्या तंत्राला खरं काम आहे. मोहालीच्या राष्ट्रीय कृषी-अन्न जैवतंत्रज्ञान संस्थेनं २०२० मध्ये ग्रँड नैन या केळीच्या वाणातल्या एका जनुकात क्रिस्पर या जनुक संपादनाच्या तंत्रानं छोटा बदल करून गरातलं बीटा-कॅरोटीन सहापटीपर्यंत वाढवल्याचं दाखवलं. हीच ग्रँड नैन आपल्या जळगावात शेकडो ट्रक भरून निघते. युगांडात शिजवून खायच्या मटोके केळीवर ऑस्ट्रेलियातले जेम्स डेल यांचं काम बरीच वर्षं चाललं आहे, तिथे केळी हे रोजचं जेवण आहे. आपल्याकडे केळी जेवण नाही, हा फरक विसरू नकोस. पण नियमांची बाजू तुझ्या पाठीशी आहे. बाहेरचं जनुक न घालता केलेल्या संपादनाला, एसडीएन-१ आणि एसडीएन-२ ला, मार्च २०२२ पासून आपल्याकडे जनुक बदललेल्या पिकांच्या जाचक नियमांतून सूट आहे. त्याच वाटेनं मे २०२५ मध्ये सांबा मसूरीपासून 'कमला' आणि तुमच्याकडे लावतात त्या एमटीयू १०१० पासून 'पुसा डीएसटी राइस १' हे भाताचे वाण जाहीर झाले. या दोन्हींत जीवनसत्त्वाचा काही भाग नाही, पण दार उघडलंय. गोल्डन राइसला मात्र बाहेरचं जनुक लागतंच, म्हणून त्याच्या शेतचाचणीला जीईएसी या केंद्राच्या जनुकीय पिकं तपासणाऱ्या समितीची मंजुरी आणि राज्याचं ना हरकत पत्र दोन्ही हवं. चार-पाच वर्षांत तू हरितगृहाच्या बाहेर पडशील याची खात्री नाही.

तांदळावरच मन असेल तर निदान स्वर्णाचा धडा पुढे नेणारं काम माग. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या पामेला रोनाल्ड यांच्या गटानं क्रिस्पर वापरून कॅरोटीनची जनुकं भाताच्या जनुकसंचात अशा ठरवलेल्या जागी बसवली की रोपाचं काही मोडत नाही. आकडा लहान होता, ग्रॅमला ७.९ मायक्रोग्रॅम, पण दिशा बरोबर आहे. असं काम किताके या प्रयोगशाळेतल्या वाणात होऊन चालणार नाही, एमटीयू १०१० मध्ये झालं पाहिजे.

मुलाखतीला जाशील तेव्हा गाईडना सरळ विचार. आम्ही कोणत्या वाणात काम करतो, आणि तो कोण लावतं? इव्हेंटचे किती पर्याय तयार करणार, की पहिला पिवळा दाणा दिसला की पेपर? शेतातला उतारा मोजायला कोणत्या केंद्राशी करार आहे? बीटा-कॅरोटीन कापणीच्या दिवशी मोजणार, की सहा महिने पोत्यात ठेवून, शिजवून मोजणार? यातल्या निम्म्या प्रश्नांना 'ते नंतर बघू' असं उत्तर आलं तर खुशाल दुसऱ्या जागेला होकार कळव. जस्ताचं काम काही कमी मोलाचं नाही, आणि तिथे तू चार वर्षांत बांधीत पाय ठेवशील. उत्तरं नीट आली तर पहिल्या जागी जा आणि पहिल्याच सत्रात पैदासशास्त्राचे दोन विषय जास्तीचे घे. जैवतंत्रज्ञानाची मुलं ते टाळतात. रोवणीच्या दिवसांत सुट्टी काढून घरी ये, बाबांच्या बांधीत एकाच वाणाचे फुटवे मोजायला शिक. खुजं रोप आणि फिकट पान त्यांच्या डोळ्याला तुझ्या यंत्राआधी दिसेल.

घरातल्या अबोल्याचं एवढंच सांगते की होकार कळवण्याआधी बाबांना कुठली जागा घेतेस ते तुझ्या तोंडून कळू दे, भावाच्या किंवा गावातल्या कुणाच्या नाही. ते नाही म्हणाले तरी सांग. तुला त्यांची परवानगी लागत नाही, पण त्यांना न सांगता हे काम सुरू करू नकोस.